अनुभव धागा : प्रिन्स, वजीर आणि साठ मिनिटं

मागच्या अखाजीला अमळनेरला मामांकडे गेलो होतो. मामेभावाच्या मुलाने लॅपटॉपवर जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावला आणि माझ्यापुढे सरकवला. "काका, तुम्ही खेळायचे ना हा?" वीस वर्षांच्या वर झाली असतील, हात लावला नव्हता. पण प्रिन्स तळघरात उतरला, मागे जाळीचा दरवाजा धाडकन खाली आला, आणि माझी बोटं न विचारता चालायला लागली. आधी पहारेकऱ्याकडे जायचं नाही, आधी तलवार शोधायची. कुठली फरशी हलते, कुठे शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं, सगळं बोटांना माहीत होतं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सुलतान परमुलखात लढाईवर गेलेला. मागे त्याचा वजीर जाफर राज्य बळकावतो आणि राजकन्येला सांगतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचं मन ज्याच्यावर आहे तो परमुलखातून आलेला तरुण तळघरात कैद आहे. तिच्या खोलीत वाळूचं घड्याळ सुरू होतं आणि आपल्यालाही तेवढाच वेळ मिळतो, खरी साठ मिनिटं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, कितीही वेळा. गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो ॲपल टू संगणकासाठी बनवला, १९८९ मध्ये. डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीवर, तो १९९० मध्ये आला आणि तोच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर होत आपल्याकडे पोचला.

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलेही असाल तर लिहा. कुठे खेळलात, कुठवर पोचलात, पुढची वाट कोणी सांगितली, आणि त्या गोष्टीतलं काय मनात राहिलं. २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' खेळलेल्यांनीही लिहा, तो याच घरातला.

भुसावळहून

आमच्या रेल्वे क्वार्टर्सजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, चारही मॉनिटर एकरंगी. या एका गोष्टीमुळे आमचा प्रिन्स तुमच्यापेक्षा वेगळा होता.

खेळात जागोजागी औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. लाल बुडबुड्यांची प्यायली की जीव भरतो, निळ्या बुडबुड्यांची प्यायली की एक जीव जातो. आमच्या पडद्यावर सगळे बुडबुडे एकाच रंगाचे. म्हणून आम्ही वही केली. दोनशे पानी, वर वर्तमानपत्राचं कव्हर. एकेका लेव्हलचा नकाशा पेन्सिलीने काढायचा आणि बाटली दिसली की कोणीतरी एकाने ती पिऊन बघायची. चांगली निघाली तर गोल, विष निघालं तर फुली. ज्याची पाळी असेल त्याला ते विष प्यावं लागायचं आणि त्याच्या वेळातली मिनिटं त्यात जायची. पण त्याबद्दल कधी कोणी कुरकुर केली नाही, कारण पुढच्या मुलाला ती फुली कामाला येणार हे माहीत होतं.

आमच्यातला एक मुलगा, वडिलांची बदली झाली म्हणून दौंडला गेला. जाताना त्याने पूर्ण वही उतरवून घेतली. दोन संध्याकाळी बसून. पुढे पहिल्यांदा रंगीत मॉनिटरवर खेळलो तेव्हा लाल बुडबुडे बघून डोळ्यांत पाणी आलं. आमची एकही फुली चुकलेली नव्हती.

शिंदखेड्याहून

मी मुलगी म्हणून लिहिते, कारण या धाग्यावर बहुतेक भाऊच येतील.

कॉलेजच्या लॅबमध्ये मुलींना आठवड्यातून दोन तास. राजकन्येला या खेळात नाव नाही. ती खोलीत बसून असते आणि वाळू पडत राहते. मला याचा फार राग यायचा. सुट्टीत घरी आले तेव्हा बिबडे घालताना आजीला गोष्ट सांगितली, तर तिनेही पहिलं तेच विचारलं, "मंग ती नुसती बशी ऱ्हायनी का?"

मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं, कारण मी आठव्या लेव्हलला पोचले नव्हते. पोचले ते पुढच्या वर्षी. तिथे शेवटी बाहेरचं दार उघडतं, पण मधली जाळी खाली येते आणि प्रिन्स कोंडला जातो. बटण पलीकडे. उड्या मारून बघितल्या, भिंती चाचपल्या. मशीन अडकलं असं समजून शेजारची मैत्रीण बंद करायला निघाली होती. मी तिचा हात धरला. का धरला ते मला सांगता येणार नाही. आणि पलीकडून एक छोटा पांढरा उंदीर तुरूतुरू आला, बटणावर बसला आणि जाळी वर गेली. लेव्हलच्या आधी राजकन्येच्या खोलीत तो दाखवतात, तिनेच पाठवलेला असतो. आपण ते दृश्य घाईघाईत पुढे ढकलतो.

त्या दिवशी मी पोस्टकार्ड टाकलं आजीला, तिला काकू वाचून दाखवायची. आजीचा निरोप आला, "उंदीरले धाडं तिनी? हुशार शे पोर."

आठवी लेव्हल ज्यांनी खेळली त्यांना विचारते. तुम्ही तिथे थांबलात, की कोणीतरी थांबायला सांगितलं होतं?

भुसावळहून, पुन्हा

ताई, आमच्या वहीत आठव्या लेव्हलच्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं : 'काही करू नये. थांबावे.' कोणाच्या अक्षरात ते आठवत नाही.

यावलजवळच्या एका गावातून

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो सेकंडहँड, भारनियमन जोरात असताना. दिवसा लाईट नाही. शेताची लाईट रात्री यायची, कधी बाराला, कधी दोनला. लाईट आली की घरात दोन माणसं एकदम उठायची. वडील बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला निघायचे आणि मी मशीन चालू करायचो.

वडील म्हणायचे, झोप रे, सकाळी शाळा आहे. पण कधी बंद करायला लावलं नाही. जाताना विचारायचे, "किती राहिले?" मी स्पेस दाबायचो, पडद्यावर उरलेली मिनिटं यायची, ती सांगायचो. कंट्रोल-जी दाबून सेव्ह करता यायचं, पण सेव्ह केलं तरी उरलेली मिनिटं तेवढीच राहतात, आणि आमच्याकडे तर सेव्ह करायच्या आतच लाईट जायची. अंधार झाला की लांबून मोटारीचा आवाजही बंद झालेला कळायचा. मग वडील परत येईपर्यंत मी ओट्यावर बसून राहायचो. साप-विंचवाचा रस्ता.

त्या खेळात अंधाऱ्या तळघरातून एक माणूस वेळ मोजत चालतो, ते बघताना मला नेहमी बांधावरून चाललेले वडील दिसायचे. चिखलात शिफ्ट दाबल्यासारखं पाऊल टाकत. खेळ मी पूर्ण केला तो फेब्रुवारीतल्या एका रात्री, चार मिनिटं शिल्लक ठेवून. वडील पाणी देऊन आले तेव्हा पाय धुतले नव्हते, तसेच दारात उभे राहून त्यांनी राजकन्येची भेट बघितली.

नंदुरबारहून

आमच्या सायबर कॅफेत एकाने 'प्रिन्स मेगाहिट' सांगितलं. खेळ सुरू करताना हे दोन शब्द टाईप केले की शिफ्ट-एल दाबून लेव्हल ओलांडता येतात. एका दुपारी शेवट बघून मोकळा झालो आणि मग चार वर्षं त्याला हात लावावासा वाटला नाही. कुणाला सांगायचं असेल तर हे उशिरा सांगा.

पारोळ्याहून

सावलीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही दोघे भाऊ एकाच कीबोर्डवर खेळायचो. दादाकडे बाणाच्या कळा, माझ्याकडे शिफ्ट. म्हणजे तो पळणार, उडी मारणार आणि कठडा पकडायची, तलवार चालवायची जबाबदारी माझी. तो "धर!" म्हणाला की मी दाबायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की प्रिन्स खिळ्यांवर.

चौथ्या लेव्हलला आरसा येतो. आधी नसतो, बाहेरचं दार उघडलं की परतीच्या वाटेत उभा असतो. दुसरी वाट नाही, पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते. उडी मारली की आपला जीव एकावर येतो आणि आरशातून आपल्यासारखाच एक सावलीचा माणूस बाहेर पडून उलट्या दिशेने पळून जातो. पाचव्यात तो आपल्या वाट्याचं औषध पिऊन टाकतो. सहाव्यात आपण उडी मारली की समोरची जाळी खाली पाडतो. आमचा त्याच्यावर फार राग साठलेला होता.

बाराव्या लेव्हलला तो तलवार घेऊन समोर येतो. आम्ही तुटून पडलो. त्याला एक वार बसला की आपलाही एक जीव जायचा. तो मेला की आपण मेलो. दिवाळीची पूर्ण सुट्टी यात गेली. दादा म्हणायचा तू उशिरा दाबतो, मी म्हणायचो तू पुढे जातो. शेवटी भांडणच झालं, मी शिफ्टवरून हात काढून घेतला आणि उठलो. दादा रागाने खालचा बाण दाबून बसला. खालचा बाण म्हणजे तलवार म्यान. पडद्यावर प्रिन्सने तलवार म्यान केली, समोरच्यानेही केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. पुढे नुसती पोकळी होती. दादाने पाऊल टाकलं तर पायाखाली फरशी येत गेली.

नंतर आमचं शेताच्या हिश्श्यावरून वाकडं आलं. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कोर्टाच्या तारखांना एका बाकाच्या दोन टोकांना बसायचो. आई गेली त्या वर्षी, तेराव्याच्या आदल्या रात्री, भांडी मोजताना पुन्हा आवाज चढले. दादाने हातातला पितळी गंज खाली ठेवला आणि म्हणाला, "खालचा बाण दाब ना रे." घरातल्या कोणालाच काही समजलं नाही. मला समजलं. हिस्सा अजून झालेला नाही, पण आता तारखेला एकाच गाडीने जातो.

जळगावचा, सध्या पुण्यात

पारोळ्याच्या दादांचा अनुभव वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी ॲनिमेशनचं काम करतो, म्हणून त्या सावलीमागचं एक खरं कारण सांगतो. ॲपल टू मध्ये मेमरी इतकी तुटपुंजी होती की मेक्नरला दुसऱ्या पात्राची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग त्याने प्रिन्सचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवर टाकली आणि त्यातून ती चमकती आकृती निघाली. जागा नव्हती म्हणून नायकाचा शत्रू नायकातूनच काढावा लागला. मला यापेक्षा सुंदर अडचण माहीत नाही.

प्रिन्स इतका खरा पळतो कारण तो खरा माणूस आहे. मेक्नरने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, व्हिडिओ घेतला आणि एकेक चौकट उतरवून काढली. संगीत वडिलांचं. हरवलेल्या मूळ कोडच्या डिस्कही पुढे वडिलांनाच घरात सापडल्या आणि २०१२ मध्ये मेक्नरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. हे वाचलं तेव्हा मी गावी होतो. आमच्या खळ्यावर धाकट्या भावाला पांढरा सदरा-पायजमा घालून पळायला लावलं, मोबाईलवर घेतलं आणि रात्रभर बसून चोवीस चित्रं उतरवली. माझं या कामातलं पहिलं धड चाललेलं पाऊल ते.

रावेरहून, शाळेतला शिक्षक

आमच्याकडून असीरगड जवळ. सहल नेली की मुलं म्हणतात, सर, हे प्रिन्ससारखं आहे. मी त्यांना थांबवत नाही. हा खेळ काही इराणचा इतिहास नाही, 'अरेबियन नाइट्स'च्या वळणाची कल्पित गोष्ट आहे. पण फारुकी सुलतानांच्या खानदेशात, ज्यांचा हा किल्ला अकबराने १६०१ मध्ये घेतला, फारसी ही दरबाराची भाषा होती. वजीर, कैद, दरवाजा, शाहजादा हे शब्द मुलांच्या तोंडात आधीपासून आहेत. गडावरचा फारसी शिलालेख दाखवला की ती तो वाचता येत नसतानाही बोटाने गिरवून बघतात.

धुळ्याहून

मी 'सँड्स ऑफ टाइम'वाली. २००५ च्या सुमाराला दहावीच्या सुट्टीत खेळला. त्याचीही गोष्ट मेक्नरनेच लिहिली. यात वेळ मागे नेता येतो, खंजिरातल्या वाळूने. पडलात तर क्षण उलटा फिरवायचा. आणि गोष्ट प्रिन्स स्वतः सांगत असतो, त्यामुळे मेलात तर तो म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं. सुरुवात भारतातल्या एका महाराजाच्या महालावर हल्ल्याने होते, त्याची मुलगी फराह कैद होते आणि पुढे दोघं सोबत लढतात.

फराहकडे एक शब्द आहे. लहानपणी भीती वाटली की म्हणायचा, कोणालाही न सांगितलेला. ती तो प्रिन्सला सांगते. शेवटी सगळा वेळ मागे जातो, काही घडलेलंच नसतं, फराह त्याला ओळखत नाही. ती नाव विचारते तेव्हा तो तोच शब्द सांगून निघून जातो. ती तशीच उभी राहते.

आमचे पप्पा संस्कृत शिकवायचे. पलीकडच्या खोलीत पेपर तपासत होते. स्पीकरमधून तो शब्द आला आणि ते हातात लाल पेन तसंच धरून बाहेर आले.

"काय म्हणाला तो?"

"काकोलूकिया."

"पुन्हा लाव."

ते पुन्हा लागत नाही, शेवटचं दृश्य आहे, त्यासाठी यातल्या दुष्ट वजिराला परत हरवावं लागतं. तसं सांगितलं. पप्पांनी खुर्ची ओढली. मी परत लढले, दोनदा हरले, तिसऱ्यांदा जमलं. शब्द आला तेव्हा ते पुढे झुकून ऐकत होते.

"काकोलूकीय," ते म्हणाले. "कावळे आणि घुबडं. पंचतंत्राचं तिसरं तंत्र. हा इथे कसा पोचला गं?" मग उठून कपाटातून पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि पेपर तसेच ठेवून माझ्याशेजारी बसून वाचायला लागले.