मदत हवी आहे : लघवीतली एनजीएएल तपासणी कुठे होते?

आम्ही देवगड तालुक्यातले. लावणीत आठ दिवस चिखलात काढल्यावर बाबांना ताप भरला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) निघाला. आता दाखल आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा आकडा) १.४च आहे, पण लघवी अगदी कमी. काल दिवसभरात जेमतेम अर्धा तांब्या, तीही कोऱ्या चहासारखी. त्यात कंबरेसाठी ते गुपचूप डायक्लोफिनॅक (किडनीला जड जाणारी दुखण्याची गोळी) घेत होते, हे परवा त्यांच्या बंडीच्या खिशात रिकामी पाकिटं सापडली तेव्हा कळलं. जीव थाऱ्यावर नाही.

डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन उशिरा वाढतं, कधी एक-दोन दिवसांनी. किडनीच्या नलिकांना मार बसला तर एनजीएएल हे प्रथिन मात्र काही तासांतच लघवीत वाढतं. केआयएम-१ हेही नलिकांची इजा दाखवणारं असंच प्रथिन. इथे मिळते ती साधी अल्ब्युमिनची तपासणी. ती मुख्यतः किडनीतल्या गाळणीची गळती दाखवते, नलिकांची इजा नाही.

कणकवली, रत्नागिरी किंवा कोल्हापुरात एनजीएएल कोण करतं? नमुना बर्फात घालून न्यावा लागतो का? किती तासांत पोचायला हवा? लघवीत जंतुसंसर्ग असला तरी हा आकडा वाढतो म्हणे, मग आधी कल्चर (जंतूंची तपासणी) करून घ्यायचं का? कोणी घरच्यांसाठी केली असेल तर खर्चही सांगा. आज रात्री कळलं तर पहाटेच्या एसटीने निघता येईल.