सीटीचा डोस गणिताने कमी होतो, मग घोडं अडतंय कुठे?

वक्ररेषा: छातीच्या एका सीटी स्कॅनला साधारण 7 मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचं माप), म्हणजे छातीचे सत्तरेक एक्सरे. डोस पाव केला तर इमेजमधली खरखर दुप्पट होते, आणि ती गणिताने काढता येते. शरीराचा एक अंदाज धरायचा, त्यातून किरण गेले तर डिटेक्टरवर काय उमटेल ते काढायचं, खऱ्या मोजमापाशी ताडून अंदाज सुधारायचा, पुन्हा तेच. सोबत अट एकच: शेजारशेजारच्या ठिपक्यांत उगाच फरक नको. मूळ युक्ती पोलिश गणिती काचमार्झची, 1937 ची! संगणक तोकडे म्हणून आपण इतकी वर्षं फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शनवर, म्हणजे अंदाज न सुधारता एका फेरीत इमेज काढायच्या रीतीवर भागवलं. आता तरी अंदाज सुधारत नेणाऱ्या या गणिताची सोय नसलेलं नवं मशीन घेऊच नये.

रात्रपाळी: मी सीटी टेक्निशियन. तुमची ती ‘उगाच फरक नको’वाली अटच आमच्या मुळावर येते. यकृतातली बारकी गाठ आजूबाजूपेक्षा जेमतेम दहा-पंधरा हाउन्सफिल्ड युनिटने (सीटीतल्या करड्या छटेचं माप; पाणी 0, हवा उणे 1000) वेगळी. गणिताला तीही खरखरच वाटते. सेटिंग जास्त चढवलं की यकृत मेण फासल्यासारखं गुळगुळीत. मग रिपोर्ट देणारे सर म्हणतात, पुन्हा कर. वाचला का डोस?

वक्ररेषा: यकृताचं मान्य. पण फुफ्फुस, मुतखडा? तिथे फरक ढळढळीत असतो. अमेरिकेतली, 2011 मध्ये निकाल आलेली मोठी चाचणी बघा: 1.5 मिलिसिव्हर्टच्या आसपासचे सीटी, आणि साध्या एक्सरे तपासणीच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी.

रात्रपाळी: अहो, ते स्कॅन 2002 ते 2007 दरम्यानचे, त्याच जुन्या बॅक प्रोजेक्शनवरचे! नुसता एक्सरे ट्यूबचा करंट कमी केला होता. तुमच्या गणिताला त्याचं श्रेय कशाला?

वक्ररेषा: हे मात्र खरं. उदाहरण चुकलं माझं.

कोरा चहा: तुम्ही दोघं मशीनवर भांडताय. बाबांच्या मुतखड्यासाठी चार महिन्यांत तीन सीटी झाले. जुनी सीडी घेऊन गेलो तर ‘आमच्याकडचाच लागेल’. कुठलं गणित हे कमी करणार? आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात ‘डीएलपी 520’ लिहिलंय, ते काय?

रात्रपाळी: डीएलपी म्हणजे मशीनने त्या अख्ख्या स्कॅनमध्ये सोडलेल्या किरणांचा हिशोब. पोटाचा असेल तर 0.015 ने गुणा. 7.8 मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात.

कोरा चहा: म्हणजे एकेका सीटीत तीन वर्षांचे. आणि असे तीन.

रात्रपाळी: खड्यासाठी याच्या निम्म्यातही भागतं, आणि त्याला नवं मशीन लागत नाही. पुढच्या वेळी टेबलावर झोपवायच्या आधी विचारा, ‘लो डोस लावलाय का?’