श्रीलंका: दक्षिण किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे मोटारीने, सल्ला हवा

प्रश्न

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघे, त्यांत सत्तरी ओलांडलेले आईवडील, गॉलहून निघून तंगाल्ल, अरुगम बे आणि बट्टिकलोआमार्गे त्रिंकोमालीपर्यंत जाण्याच्या विचारात आहोत. नकाशावर दक्षिणेकडचे किरिंदा आणि अरुगम बेच्या बाजूचे पानम ही किनाऱ्यावरची गावे अगदी जवळ दिसतात, तरीही सर्वजण आतल्या बाजूचा लांबचा रस्ता का सुचवतात? हा काळ दोन्ही किनाऱ्यांना मानवेल का, आणि गाडी स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

किरिंद्यापलीकडे ‘याला’ आणि पानमच्या अलीकडे ‘कुमना’ ही राष्ट्रीय उद्याने थेट समुद्राला भिडलेली असल्यामुळे त्या पट्ट्यात किनाऱ्यालगतचा सार्वजनिक रस्ताच नाही. (जाफन्याहून कतरगामला पायी येणारे यात्रेकरू मात्र वर्षातून एकदा याच जंगलातून वाट काढतात.) आपल्याला तिस्समहाराम, कतरगाम, बुत्तल, मोनरागल, सियंबलांडुवा, पोत्तुविल असेच जावे लागेल.

यातला कतरगाम ते बुत्तल हा टप्पा सकाळी उजेडात, सलग पार करावा, असा माझा आग्रह आहे. तिथे येणारे-जाणारे लोक गाडीतून फळे देत आल्यामुळे काही रानटी हत्तींना रस्त्यात उभे राहून गाडी अडवण्याची सवय लागली आहे, आणि खिडकी उघडी दिसली तर ते सोंड आत घालतात. काचा बंद ठेवाव्यात, खायला काहीही देऊ नये, फोटोसाठी थांबू नये. पुढे एखादी स्थानिक बस असेल तर सुरक्षित अंतर राखून तिच्यामागे राहणे उत्तम. पोत्तुविलच्या अलीकडे लाहुगलच्या अभयारण्यातूनही रस्ता जातो, तेव्हा संध्याकाळ होण्याआधी अरुगम बे गाठलेले बरे.

प्रतिसाद २

काळ चांगला निवडला आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेपासून दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर येतो, तर पूर्व किनाऱ्याला ईशान्य मोसमी पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत झोडपतो. त्यामुळे दोन्हीकडे समुद्र बऱ्यापैकी शांत मिळण्याची शक्यता मार्च-एप्रिलमध्येच जास्त असते. दुपारनंतर वळवासारखी सर येऊ शकते, पण ती फार टिकत नाही. दक्षिणेकडून आरंभ करण्याचा आपला क्रम मुळीच बदलू नका, कारण महिना सरत जातो तसा दक्षिणेचा समुद्र खवळू लागतो आणि पूर्वेचा निवळत जातो. आईवडिलांना पाण्यात उतरायचे असेल, तर बट्टिकलोआच्या उत्तरेकडील पासिकुडा येथे एक मुक्काम वाढवावा. प्रवाळामुळे लाटा बाहेरच अडतात आणि बरेच आतपर्यंत पाणी कमरेएवढेच राहते.

मात्र 13 आणि 14 एप्रिलला सिंहली व तमिळ नववर्ष असते. त्या सुमारास अनेक खाणावळी आणि दुकाने बंद राहतात, म्हणून ते दिवस प्रवासात न घालवता एकाच ठिकाणी, जेवणाची सोय असलेल्या निवासात काढावेत.

प्रतिसाद ३

चालकासह गाडी घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन. वाहने डाव्या बाजूनेच चालतात. परंतु गॉल ते मातर या समुद्रालगतच्या रस्त्यावर खासगी बसगाड्या ज्या वेगाने पुढे काढतात, तो ताण ज्येष्ठांसोबतच्या सहलीत कशाला? द्रुतगती मार्ग 2020 पासून हंबनतोटापर्यंत झाला आहे, पण त्यावरून समुद्र दिसत नाही, त्यामुळे तो घाईच्या दिवसासाठीच राखावा. स्वतः चालवायचेच असेल, तर आंतरराष्ट्रीय परवान्याला श्रीलंकेतील मान्यता घेणे आवश्यक आहे. चालक घेतल्यास त्याच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था निवासस्थानी आहे का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चालकासह गाडी, बुत्तलचा टप्पा सकाळी आणि नववर्षाचे दोन्ही दिवस पासिकुड्याला, असे निश्चित करतो. तंगाल्लहून पहाटे निघाल्यास अरुगम बे एका दिवसात होईल, की तिस्समहारामला रात्र काढावी?

प्रतिसाद १

तिस्समहारामलाच राहावे. एका दिवसात होते, पण मग कतरगामचे दर्शन घाईत उरकावे लागेल.