शिवराईवरची अक्षरं फोटोत उठत नाहीत

माहुलीकर (सातारा):
घरातल्या तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी, फोटोसह नोंदवून ठेवतोय. नाणं हातात तिरकं धरलं की 'श्री राजा शिव' तिन्ही ओळी वाचता येतात, फोटोत मात्र नुसती काळी टिकली. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. भावाचा जुना डीएसएलआर आहे, किट लेन्सवाला. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घ्यावीच लागेल का?

कृष्णाकाठ (सांगली):
लेन्सचं नंतर बघू, आधी उजेडाचं बघा. नाणं तिरकं केलं की उजेड बाजूनं घासून जातो, म्हणून अक्षरं दिसतात. तेच टेबलावर करायचं. फ्लॅश आणि खोलीतली ट्यूब बंद. एकच एलईडी दिवा खाली, जवळजवळ नाण्याच्या पातळीला आणा आणि स्क्रीनवर बघत नाण्याभोवती सावकाश फिरवा. झिजलेल्या शिवराईत एका बाजूनं 'श्री' उठतो तेव्हा 'शिव' बुजतं, दिवा पुढे सरकला की उलट. मी सरळ दोन फोटो ठेवतो. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढे कितीतरी वर्षं, कितीतरी टाकसाळींत ही नाणी पाडली गेली. अक्षरांच्या वळणावरूनच प्रकार ओळखायचा असतो, तेव्हा देखणेपणापेक्षा वाचन महत्त्वाचं.

कॅमेरा नाण्याला समांतर हवा. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की झालं. आयएसओ १००, ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. मॅक्रोऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) चालतील, फक्त ऑटोफोकसवाल्या घ्या. साध्या ट्यूबवर बहुतेक लेन्सचं ॲपर्चर बदलता येत नाही.

आणि कळकळीनं सांगतो, फोटोसाठी नाण्याला चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर काही लावू नका. तो काळपट थर एकदा गेला की गेला.

चांदीवेडा (कराड):
चकचकीत चांदीच्या रुपयालाही आडवाच उजेड का?

कृष्णाकाठ:
नाही, तिथे लेन्स आणि नाण्याच्या मध्ये स्वच्छ काच ४५ अंशांत धरा. बाजूचा उजेड काचेवर आपटून सरळ नाण्यावर उतरतो. सपाट भाग उजळतो, अक्षरांच्या कडा काळ्या येतात. दिव्यासमोरच्या बाजूला काळा कागद लावा.

माहुलीकर:
दिवा फिरवला, आणि मागच्या बाजूच्या 'छत्र पति'तलं 'छत्र' लख्ख आलं! पण 'पति'मधला 'ति' कुठूनच दिसेना.

कृष्णाकाठ:
तो नाण्यावर नसेलच. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, मग कडेची अक्षरं बाहेरच राहतात. वजन आणि व्यास फाइलच्या नावातच लिहा, आणि त्या मागच्या बाजूचा फोटोही इथे टाका. 'छत्र' आणि 'पति' या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी प्रकारची शिवराई.