ब्रेसेस: स्टील की टायटॅनियम? (बजेट ४५ हजार)

लेकीची_आई: लेक नववीत, ब्रेसेस लावायच्यात. खोटे कानातले घातले की तिच्या कानाची पाळी लाल होऊन पाणी सुटतं, म्हणजे निकेल सोसत नसावं. डॉक्टरांनी साधं स्टील (त्यात निकेल असतं) किंवा टायटॅनियम असे दोन पर्याय दिलेत. टायटॅनियम महाग, शिवाय मऊ असतं, वाकतं असं ऐकलं. खरं का? बजेट ४५ हजार, वर एक रुपया नाही. कोथरूडच्या आसपास. कृपया अलाइनर (दातांवर बसवायचे पारदर्शक, काढता-घालता येणारे साचे) सुचवू नये.

बाणेरकर: अलाइनरच घ्या. चिरंजीवांचे दीड लाख गेले, पण कोणाला कळलंसुद्धा नाही.

पेठेतला: आमच्या वेळी दात पुढे असले की तोंड मिटून बसायचो. फुकटात.

मुक्ता_के: सिरॅमिकचे ब्रॅकेट (दातावर चिकटवतात ते तुकडे) लावा, त्यात निकेलच नसतं. ठिसूळ असतं एवढंच. माझा एक काढताना तुटला, अर्धा दातावरच राहिला, मग मशीनने घासून काढला. तरी मी पुन्हा तेच घेईन.

भोसरी_एमआयडीसी: टायटॅनियमचं मशिनिंग हे माझं रोजचं काम. लवणं वेगळं, वाकणं वेगळं. स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमचा ११०. तेवढ्याच जोराला टायटॅनियम जवळपास दुप्पट लवतं, पण जोर काढला की जागेवर येतं. शुद्ध टायटॅनियम कायमचं वाकू शकतं. ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम घातलेलं मात्र ताकदीत ३१६एल स्टीलला सहज मागे टाकतं. स्टीलमध्येही जाती आहेत. १७-४ पीएच जास्त कणखर आणि निकेल ३ ते ५ टक्केच. ३१६एलमध्ये १० ते १४, पण गंजाला तेच जास्त टिकतं. फरक पडतो तो ब्रॅकेटमधल्या तारेच्या खाचेत. खाच जेमतेम ०.०२२ इंच. दाताचं मूळ वळवायला चौकोनी तार पिळतात, तेव्हा खाचेच्या भिंती फाकल्या तर पीळ वाया. डॉक्टरांना ग्रेड विचारा.

बाणेरकर: अलाइनरला खाचच नसते.

कर्वेनगर_ताई: धातू बिघडत नाही हो, चिकटवलेलं सुटतं! माझा ब्रॅकेट ऐन दिवाळीत भाकरवडीने उडाला. चिक्की तर विसराच.

पेठेतला: भाकरवडी सोडायची असेल तर दात वाकडेच बरे.

ऑर्थो_पीजी: ब्रॅकेटवर एवढं भांडताय, तार कोणी विचारली का? सुरुवातीला बहुतेक निकेल-टायटॅनियमची तार घालतात, तिच्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल. टायटॅनियमचे ब्रॅकेट घेऊन वर तीच तार घातली, तर जादा पैसे कशाला? बीटा-टायटॅनियमच्या तारेत निकेल नसतं. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासतात ती) करा. कानाला चालत नाही म्हणून तोंडात त्रास होईलच असंही नाही. स्वस्तात हवं तर डेंटल कॉलेज बघा: धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील.

मुक्ता_के: म्हणूनच सिरॅमिक म्हणत होते.

लेकीची_आई: पॅच टेस्टला निकेलची ॲलर्जी निघालीच. पण लेकीला रंगीत रबर हवेत, मैत्रिणींसारखे, आणि तिला स्टीलच पाहिजे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन ब्रॅकेट लावून काही आठवडे बघू, हिरड्या लाल झाल्या तर बदलू. तारेचं विचारलं, बीटा-टायटॅनियमची घालतील. बजेटात बसतंय. शनिवारी लावतोय.

बाणेरकर: शनिवारपर्यंत अलाइनरचा विचार करा.