फो, फॉ की फऽ? व्हिएतनामी मेन्यूकार्डावरील शब्दांचे लेखन आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द

व्हिएतनामला जाऊन आलेल्या मराठी प्रवाशांच्या लेखनात आता 'फो', 'बान्ह मी', 'गोई कुओन' असे शब्द वारंवार दिसू लागले आहेत. हे लेखन बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते, आणि अर्थही 'राईस पेपर रोल', 'राईस नूडल सूप', 'फिश सॉस' अशा इंग्रजी जोडशब्दांनी सांगितला जातो. त्यामुळे दोन प्रश्न चर्चेला घ्यावेत असे वाटते. उपाहारगृहात समोर येणारे हे शब्द देवनागरीत कसे लिहावेत, हा पहिला. आणि त्यांतल्या कोणत्या पदार्थांसाठी मराठीत आधीपासूनच नेमका शब्द आहे, हा दुसरा. इंग्रजीची मध्यस्थी दूर केली तर उच्चार आणि अर्थ या दोन्ही बाबतींत मराठी या शब्दांच्या बरीच जवळ जाते, असे माझे मत आहे.

प्रथम लिपीविषयी. व्हिएतनामी भाषेची आजची रोमन लिपी सतराव्या शतकात युरोपीय, मुख्यतः पोर्तुगीज, जेझुइट मिशनऱ्यांच्या कामातून घडली. अलेक्झांडर द र्‍होड्स यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. हे गृहस्थ पूर्वेकडे जाताना काही काळ गोव्यातही राहिले होते. त्याच शतकात, १६१६ मध्ये, गोव्यातील राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी काव्य रोमन लिपीतच छापले गेले होते, हे येथे आठवते. सांगायचा मुद्दा असा की व्हिएतनामी स्पेलिंगमागे इंग्रजी नाही, पोर्तुगीज सवयी आहेत. 'एन' आणि 'एच' ही अक्षरे शेजारी आली की त्यांचा उच्चार 'न्ह' होत नाही, 'ञ' होतो. म्हणून 'बान्ह' हे लेखन चुकीचे आहे; 'बाञ' लिहावे. हनोईत हा शब्द 'बाइञ'च्या जवळ ऐकू येतो, पण 'ह' कोठेच नसतो. उपाहारगृहासाठी असलेला 'ञा हाङ' हा शब्द तर आपल्या वर्णमालेतील दोन क्वचित वापरल्या जाणाऱ्या अक्षरांना एकदम कामाला लावतो. 'थित', म्हणजे मांस, या शब्दातला पहिला वर्ण आपला 'थ'च आहे, इंग्रजीतला नव्हे.

स्वरांच्या बाबतीत तर मराठी लेखनाची सोय विशेष आहे. व्हिएतनामीत 'ओ' या रोमन अक्षराची तीन रूपे आहेत: नुसते, डोक्यावर छत्री असलेले आणि बाजूला लहानशी शेपटी असलेले. त्यांचे उच्चार अनुक्रमे 'ऑ', 'ओ' आणि लांबवलेला 'अ' असे आहेत. इंग्रजी लेखनात ही चिन्हे गळतात आणि तिन्ही स्वर एक होऊन बसतात. आपण मात्र 'डॉक्टर' आणि 'बॅट' यांसाठी 'ऑ' आणि 'ॲ' ही अक्षरे केव्हाच स्वीकारली आहेत, आणि लांबवलेल्या 'अ'साठी अवग्रह, म्हणजे 'ऽ' हे चिन्ह, वापरण्याची रीतही आपल्याकडे आहे. हा भेद केवळ हौसेचा नाही. 'बॉ' म्हणजे गोमांस, आणि 'बऽ' म्हणजे लोणी किंवा ॲव्होकाडो. लोणी या अर्थी तो शब्द फ्रेंचांकडून आला आहे. ज्याला गोमांस वर्ज्य आहे त्याने दोन्हींसाठी 'बो' लिहिलेली माहिती वाचून मागणी केली, तर काय होईल हे सांगायला नको. सूर, म्हणजे ज्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो ते आवाजाचे चढउतार, दाखवण्याची सोय देवनागरीत नाही. उत्तरेच्या बोलीत सहा आणि दक्षिणेच्या बोलीत पाच सूर आहेत. ती उणीव मान्य करून पुढे जावे, त्यासाठी नवी चिन्हे शोधू नयेत.

याच नियमाने प्रसिद्ध सूपाचे नाव 'फऽ' असे लिहावे लागते, 'फो' नाही. या लेखनाचा परिणाम लिंगावरही होतो. 'फोटो', 'रेडिओ' यांसारखे ओकारान्त परके शब्द मराठीत सहज पुल्लिंगी होतात, म्हणून 'फो' लिहिणारे 'तो फो' म्हणतात. 'फऽ' लिहिले की ती ओढ उरत नाही, आणि मग आपण मराठीच्या दुसऱ्या सवयीने चालतो, म्हणजे जवळच्या परिचित शब्दाचे लिंग नव्या शब्दाला देतो. सूप नपुंसकलिंगी असल्याने 'ते फऽ' मला योग्य वाटते. 'बाञ मी' हा पाव असल्याने 'तो', आणि 'बाञ सॅओ' हे घावनाच्या जातीचे असल्याने 'ते'. 'फऽ' या शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. काही जण तो फ्रेंच 'पोतोफ'मधल्या, म्हणजे मांस आणि भाज्या घालून मंद शिजवलेल्या पदार्थाच्या नावातल्या, अखेरच्या शब्दाशी जोडतात, तर काही जण पीठ आणि शेवया या अर्थाच्या चिनी शब्दाशी. पदार्थ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी नाम दिञ आणि हनोई या उत्तरेकडील भागात रूढ झाला, यावर सर्वसाधारण एकमत आहे.

मेन्यूकार्ड वाचण्याची खरी किल्ली शब्दक्रमात आहे. मराठीत विशेषण आधी येते, 'भरली वांगी' किंवा 'तळलेली सुरमई'. व्हिएतनामीत मुख्य शब्द आधी आणि त्याचे वर्णन नंतर. 'गा नुअङ' म्हणजे 'कोंबडी, भाजलेली'. 'फऽ गा' म्हणजे कोंबडीचे फऽ. म्हणून कोणत्याही नावाचा पहिला शब्द पाहावा, तो पदार्थाची जात सांगतो, आणि अशा जाती मोजक्याच आहेत.

त्यांत पहिला मान 'कऽम'चा, म्हणजे शिजलेल्या भाताचा. इंग्रजीत 'राईस' या एका शब्दात सारे कोंबले जाते, पण व्हिएतनामीत शेतात उभे असते ते 'लुआ', सडून घरी येतो तो 'गाओ' आणि ताटात वाढला जातो तो 'कऽम'. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. साळ, तांदूळ आणि भात हे आपल्याकडे तसेच वेगळे आहेत. जेवणाला तेथे 'भात खाणे' असेच म्हणतात. सायगावच्या प्रसिद्ध 'कऽम तम'चे भाषांतर 'ब्रोकन राईस' असे वाचले की वाईट वाटते. गिरणीत तांदूळ तुटून जी उरते ती कणी, आणि 'कऽम तम' म्हणजे कणीचा भात, त्यावर बहुधा निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस. कमी किमतीचा तुकडा तांदूळ म्हणून ज्याची सुरुवात झाली तो पदार्थ आज त्या शहराची ओळख आहे, आणि 'कणी' या शब्दात ती गरिबीची आठवणही येते, जी 'ब्रोकन राईस'मध्ये मराठी वाचकाला जाणवत नाही.

'बुन' म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोळा छिद्रांतून दाबून थेट उकळत्या पाण्यात सोडलेल्या गोल, मऊ तारा. हनोईच्या 'बुन चा'मध्ये त्या भाजलेल्या मांसाबरोबर येतात, ह्वे या जुन्या राजधानीच्या 'बुन बॉ ह्वे'मध्ये तिखट रश्शात. कोकणात तांदळाचा उकडलेला गोळा सोऱ्यातून दाबून जे शिरवाळे करतात आणि नारळाच्या गोड रसात खातात, त्यांच्याशी याचे नाते नूडल्सपेक्षा जवळचे आहे. 'फऽ'मधल्या तारा मात्र चपट्या पट्ट्या असतात. त्यांना शिरवाळे म्हणता येणार नाही.

'बाञ' या शब्दाला एकच मराठी शब्द नाही, कारण पिठापासून आकार देऊन केलेले जवळजवळ सारे त्यात येते: पाव, पोळी, घावन, वडी, अगदी नववर्षाला पानात बांधून उकडलेला चिकट तांदळाचा 'बाञ चुङ'सुद्धा. पण पोटभेदांना आपले शब्द आहेत. 'बाञ कुओन' करताना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या कापडावर तांदळाचे पातळ पीठ पसरून वाफवतात आणि ती ओली चकती सारण घालून गुंडाळतात. तशीच चकती उन्हात वाळवली की 'बाञ चाङ' होते, जिचे दक्षिणेतले रूप 'बाञ ट्राङ' असे ऐकू येते. वाफवलेली ओली खायची आणि वाळवून साठवायची, ही आपली सालपापडीच आहे. 'राईस पेपर'ऐवजी 'सालपापडी' म्हटले तर आजी-आजोबांनाही पदार्थ डोळ्यांसमोर आणता येतो. 'बाञ सॅओ'मधले 'सॅओ' म्हणजे तापलेल्या कढईत पीठ पडताना होणारा आवाज; आपण त्याला 'चर्र' म्हणतो. हळद घातलेल्या तांदळाच्या पिठाचे हे घावन असल्याने 'चर्र घावन' असे नाव मला मनापासून आवडते, आणि ते रूढ व्हावे असे वाटते.

आता ज्या शब्दाची मराठी प्रवाशाला सर्वांत जास्त गरज पडते त्याकडे वळतो. 'चाय' या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही. तो चिनी भाषेतून आलेला असून त्यामागे व्रतस्थ शुद्धीची कल्पना आहे, आणि बौद्ध परंपरेतले निरामिष अन्न असा त्याचा अर्थ आहे. अनेक व्हिएतनामी माणसे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय' जेवतात आणि एरवी मासे-मांस खातात. 'शाकाहारी' हा आपला शब्द मुख्यतः माणसाच्या कायमच्या आहाराबद्दल बोलतो, त्यामुळे तो येथे पूर्ण बसत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सोमवारच्या, श्रावणातल्या किंवा सणाच्या जेवणाला 'शिवराक' म्हणतात. तो शब्द अन्नाबद्दल आणि दिवसाबद्दल बोलतो. 'चाय'चा खरा जोडीदार 'शिवराक' आहे. त्याच्या विरुद्ध, मांसमासळीच्या जेवणाला व्हिएतनामीत 'मान' म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ 'खारट' असा आहे.

हा केवळ भाषिक सूक्ष्मपणा नाही, कारण चुकीचा शब्द वापरला तर ताटात चुकीचा पदार्थ येतो. 'मांस नको' या अर्थी 'खोङ थित' म्हटले, तर स्वयंपाकी मांसाचे तुकडे काढून ठेवील, पण हाडांचा रस्सा आणि मासळीचे आगळ, म्हणजे 'फिश सॉस', तसेच राहील. त्याच्या दृष्टीने आपली विनंती पाळली गेलेली असते. 'फऽ चाय' किंवा 'कऽम चाय' म्हटले की मासळीचाही प्रश्न मिटतो. केवळ असे जेवण देणाऱ्या ठिकाणाला 'क्वान चाय' म्हणतात, आणि काटेकोर ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. अंडे चालत नसेल तर मात्र तेवढे वेगळे विचारावे.

वर 'मासळीचे आगळ' असा शब्द वापरला, त्याचे कारण सांगतो. 'नुअक माम' यातला 'नुअक' म्हणजे पाणी आणि 'माम' म्हणजे खारवून मुरवलेली मासळी. लहान मासे आणि मीठ पिंपात थरांनी भरून साधारण वर्षभर मुरवतात आणि खाली उतरणारा तांबूस द्रव काढून घेतात. फू क्वोक बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. कोकमाचे आगळही मिठाच्या साहाय्यानेच सुटते, म्हणून शब्द उसना घेतला. 'सॉस' म्हटल्यावर जो दाट पदार्थ मनात येतो तो येथे नसतो. या आगळात लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरची मिसळली की 'नुअक चम' होते, ज्यात पदार्थ बुडवून खातात. 'नुअक' हाच शब्द पुढे उसाच्या रसाला, शहाळ्याच्या पाण्याला आणि देश या अर्थीही लागतो.

एकाच पदार्थाची उत्तरेत आणि दक्षिणेत नावे वेगळी असतात, आणि पुष्कळ गोंधळ त्यातून होतो. तळलेल्या गुंडाळीला हनोईत 'नॅम झान' आणि सायगावला 'चा यॉ' म्हणतात; दक्षिणेत नुसते 'नॅम' मागितले तर आंबवलेले डुकराचे मांस येऊ शकते. न तळलेली 'गॉय कुओन' हे नावही दक्षिणेचेच. १९७५ नंतर देश सोडून कॅलिफोर्नियात आणि इतरत्र गेलेल्यांत दक्षिणेकडील माणसे बहुसंख्य होती, त्यामुळे परदेशातील व्हिएतनामी उपाहारगृहांत बहुधा दक्षिणेचे शब्द भेटतात. अमेरिकेतल्या मराठी माणसाला जे शब्द पाठ असतात ते हनोईत नेहमीच चालत नाहीत, याचे कारण हे आहे. फऽचा प्रवास आधी उलट झाला होता: १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर ते तेथे सर्वत्र पोहोचले, आणि त्याच्याबरोबर पाल्याची व मोडांची वेगळी थाळी देण्याची पद्धत दक्षिणेने घातली.

वाढणाऱ्याला हाक मारण्याचे शब्द आपल्याला अवघड जाऊ नयेत. वयाने लहान असेल तर 'ॲम अऽय', मोठा पुरुष असेल तर 'आञ अऽय', मोठी स्त्री असेल तर 'ची अऽय'. म्हणजे धाकटे भावंड, दादा आणि ताई. आपण जसे खानावळीत 'दादा' आणि 'मावशी' म्हणतो तसेच, आणि हे म्हणण्यात उद्धटपणा नसतो. उलट नाते न लावता बोलणे तेथे कोरडे वाटते. पैसे द्यायचे असतील तर 'तिञ तिएन', अर्थात पैशांचा हिशेब.

एका शब्दासाठी मला अद्याप समाधानकारक प्रतिशब्द सापडलेला नाही. जेवणाबरोबर तुळशीच्या जातीची पाने, कोथिंबीर, पुदिना आणि इतर कच्चा पाला भरलेली जी थाळी येते तिला 'राउ सोङ' म्हणतात, शब्दशः 'जिवंत भाजी'. 'तोंडीलावणे' म्हणावे तर हा पाला बाजूला राहत नाही, तो खुडून रश्श्यात पडतो किंवा गुंडाळीत जातो. 'सॅलड' तर मुळीच नाही. घाटावर काही भागांत भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात वगैरे तेल-तिखट लावून खातात त्याला 'घोळाणा' म्हणतात. तो शब्द कच्च्या पाल्यापुरता जुळतो, पण तेल-तिखटाची अट आड येते. खानदेशात, विदर्भात किंवा कोकणात काहीही न लावता जेवणात खुडून घ्यायच्या पाल्याला वेगळा शब्द असल्यास तो उदाहरणासह येथे नोंदवावा.