माणमधल्या दोन एकर मुरमाड माळावर पर्माकल्चर सुरू करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता अडलंय म्हणून लिहितोय. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आमचा दोन एकर माळ आहे, उताराचा, वीतभर माती आणि खाली मुरूम. घरात आईवडील, बायको, दोन पोरं आणि मी. विकायला काही पिकवायचं नाहीये, बाजरी, डाळ, भाजी, फळं आणि एका गाईचा चारा एवढं घरच्यापुरतं ह्याच रानातून निघावं एवढीच इच्छा. म्हणून पर्माकल्चर, म्हणजे झाडं, पिकं, पाणी, जनावरं एकमेकांना धरून मांडलेली टिकाऊ शेती. शेतकऱ्याच्या घरात दर आठवड्याला बाजारातून मेथी विकत आणायची हे आईला फार लागतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्याकडं वर्षाला ४५० मिमी धरला तरी दोन एकरावर ३६ लाख लिटर पडतं, आणि आम्ही मार्चपासून टँकरची वाट बघतो! हे गणित मांडलं त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या जूनला उत्साहात शंभर रोपं लावली, आंबा, चिकू, पेरू, नर्सरीवाल्यानं दिली ती. जगली अकरा. काही उन्हानं गेली, बाकीची मेंढरांनी खाल्ली. पण एका पेरूच्या आळ्यात आईनं बाजरीचं सरमाड टाकलं होतं, एप्रिलमध्ये त्याखाली हात घातला तर माती गार लागली, आणि शेजारच्या उघड्या आळ्यात टिकाव मारला तर ठण्ण. तेव्हापासून आच्छादनावर माझा पक्का विश्वास बसलाय.

आता प्रश्न. तीन बांबू बांधून ए फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराचं, समपातळी शोधायचं साधन) केली, मधे ओळंबा सोडला आणि फक्कीनं दोन समपातळी रेषा मारल्यात, त्यांवर पाणी अडवायला चर खणायचेत. उतार शंभर फुटाला साधारण पाच फूट. एवढ्या उताराला दोन चरांत अंतर किती ठेवायचं? मोठी सर आली की चर भरून बांध फुटेल अशी भीती वाटते, तर सांडवा कुठं काढायचा, आणि मुरमात हे काम जेसीबीनं करावं की हातानं? चुलते म्हणतात चरातच रान गेलं तर पेरणार काय, त्यांना काय सांगू?

दुसरं मेंढरांचं. मेंढपाळ आमच्याच गावचे, पावसाळ्यात परत येतात, म्हणजे नेमकी रोपं कोवळी असतात तेव्हाच. भांडण अजिबात नकोय, कारण तीच मेंढरं रानात बसवली की जे खत मिळतं त्याला तोड नाही. तारेचं कुंपण परवडत नाही. घायपात, चिल्लार, ग्लिरिसिडियाचं जिवंत कुंपण करायचं डोक्यात आहे, पण ते दाट होईपर्यंतची पहिली दोन-तीन वर्षं कशी काढली तुम्ही?

आणि सुरुवात कुठून? प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब जगवायचा विचार मांडला तो मला फार पटतो. पर्माकल्चरच्या व्हिडिओत दाखवतात ती सगळी बाराही महिने ओल असलेली हिरवीगार रानं, आपल्या आठ महिने कोरड्या माळाला ते जसंच्या तसं लागू होत नाही असं माझं मत झालंय. म्हणून ह्या वर्षी फक्त घराजवळचे दहा गुंठे, मोरीचं पाणी तिकडंच वळवून शेवगा, हादगा, कढीपत्ता, पपई, आणि वरच्या अंगाला सीताफळ-बोर, मधे तूर-मटकी, असं ठरवतोय. की आधी सगळ्या माळाचं पाणी अडवायचं आणि लागवड पुढच्या वर्षी? पैसे दोन्हीपैकी एकालाच पुरतील.

गावरान हुलगा आणि मटकीचं बी माझ्याकडं आहे, कुणाकडं राळा किंवा गावरान घेवडा असेल तर अदलाबदल करू. माण, खटाव, आटपाडी, सांगोला ह्या भागात कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, गाडी काढून बघायला येतो, मृगाच्या आत चर पाडायचेत.